खाटा गेल्या, दार कोणासाठी उघडं राहिलं? बार्सिलोनाच्या जुन्या इस्पितळाची गोष्ट

आजच्या व्याख्यानाचा विषय एक इमारत आहे, पण सुरुवात आपण एका शब्दापासून करू. 'इस्पितळ' हा शब्द. रुग्णालय, दवाखाना, हॉस्पिटल यांच्या गर्दीत तो जरा मागे पडलाय, तरी कोकणात, गोव्यात, घरातल्या जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून सहज येतो. तो आपल्याकडे आला पोर्तुगीजांकडून. त्याचं मूळ मात्र लॅटिनमध्ये आहे आणि गंमत अशी की त्या मुळाचा आजाराशी काहीच संबंध नाही. 'होस्पेस' म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्याला उतरवून घेणारा यजमानसुद्धा. हॉटेल, हॉस्टेल आणि हॉस्पिटल ही तिन्ही त्याच एका मुळाची.

हे सांगायचं कारण असं, की मध्ययुगातल्या युरोपात चर्चच्या आश्रयाने जी इस्पितळं उभी राहिली ती आपल्या डोळ्यांसमोर येणाऱ्या रुग्णालयासारखी नव्हती. धर्मशाळा, अन्नछत्र, अनाथालय आणि दवाखाना असं सगळं एकाच छपराखाली असायचं. औषधोपचार बेताचे. मिळायचा तो निवारा, ऊब, गरम जेवण, आणि मरताना जवळ धर्मगुरू. ज्याच्याकडे स्वतःचं घर आणि सेवेला माणसं होती तो आजारपण घरीच काढायचा, वैद्य त्याच्या घरी जायचा. इस्पितळाच्या दारात येणारा माणूस म्हणजे ज्याला दुसरीकडे जागा नाही असा माणूस.

आता प्रश्न असा. अशी इमारत शतकानुशतकं गरिबांच्या नावाने दान घेत उभी राहिली. पुढे वैद्यकशास्त्र बदललं, इस्पितळ नव्या जागेत गेलं आणि जुनी वास्तू रिकामी झाली. मग तिचं करायचं काय? त्याहून महत्त्वाचं म्हणजे, तिच्यावर हक्क कोणाचा? युरोपात हा प्रश्न अनेक शहरांपुढे आला. आज आम्ही त्यातलं बार्सिलोना निवडलंय. तिथे एकाच इस्पितळाने दोनदा घर बदललं आणि मागे राहिलेल्या दोन्ही घरांचा वेगवेगळ्या तऱ्हेने पुनर्वापर झाला. त्यामुळे तुलना करायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही.

तर १४०१ साल. बार्सिलोनात तेव्हा बरीच छोटी छोटी इस्पितळं होती. काही चर्चची, काही शहराच्या कारभाऱ्यांची, काही एखाद्या श्रीमंताच्या देणगीवर चालणारी. पैसा अपुरा, कारभार विस्कळीत. शेवटी शहराची परिषद आणि कॅथेड्रलचं धर्ममंडळ एकत्र बसले आणि ठरलं की सहा इस्पितळं एकत्र करून एक मोठं उभारायचं. नाव ठेवलं 'सांता क्रेउ', म्हणजे पवित्र क्रूस. कारभारासाठी चार जण नेमले जायचे. दोन कॅथेड्रलकडून, दोन नगरवासीयांकडून. म्हणजे ते नुसतं चर्चचं नव्हतं आणि नुसतं शहराचंही नव्हतं. दोघांनी मिळून सांभाळायची ती एक ठेव होती. हा धागा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

जागा निवडली रावाल भागात. तेव्हा हा भाग दाट वस्तीच्या बाहेर होता, मळे आणि मठ यांचा. नंतर शहर वाढत गेलं आणि रावाल बार्सिलोनातल्या सगळ्यांत दाटीच्या, कष्टकरी वस्त्यांपैकी एक झाला. इस्पितळात आजाऱ्यांबरोबर टाकून दिलेली तान्ही मुलं यायची, वेड लागलेली माणसं यायची, वाटसरू यायचे.

एवढ्यांना पोसायचं तर पैसा कुठून आणायचा? भिक्षा, मृत्युपत्रातली दानं, जमिनींचं उत्पन्न हे तर होतंच. पण एक मार्ग आपल्याला आश्चर्य वाटेल असा आहे. १६ व्या शतकाच्या उत्तरार्धात राजा दुसऱ्या फिलिपने शहरात नाटकं करण्याचा एकाधिकार या इस्पितळाला देऊन टाकला. मग इस्पितळाने ला राम्ब्ला रस्त्यावर स्वतःचं नाट्यगृह काढलं. लोकांनी विनोदी नाटकं बघायची आणि त्या तिकिटांच्या पैशांत आजाऱ्यांची खाट चालायची. धर्मादाय काम आणि करमणुकीचा धंदा यांची सोयरीक आजची नाही, हे इथे नोंदवून ठेवू.

आता इमारतीकडे वळू, कारण पुढे तिचं काय झालं ते तिच्या बांधणीवर बरंच अवलंबून आहे. आपल्या वाड्याला जसा मधे चौक असतो आणि भोवती सोपे, तशी साधारण रचना मनात आणा. फक्त आकार प्रचंड आणि बांधकाम दगडाचं, गॉथिक शैलीचं. मधल्या मोकळ्या चौकाला तीन बाजूंनी लांबच लांब पाखे. वरच्या मजल्यावर रुग्णांची दालनं. या दालनांचं छत पेलण्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. दालनाच्या रुंदीवर, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, ठरावीक अंतरावर दगडी कमानी टाकल्या. एका कमानीवरून दुसऱ्या कमानीवर लाकडी तुळया ठेवल्या आणि वर छप्पर. सगळं वजन कमानींतून बाजूच्या भिंतींत उतरतं, त्यामुळे दालनाच्या मधे एकही खांब लागत नाही.

त्याचा फायदा काय? दोन्ही भिंतींना लागून खाटांच्या रांगा आणि मधे चालायला सरळ वाट. सेवा करणाऱ्याला एका टोकाला उभं राहून सगळे रुग्ण दिसतात. छत उंच, त्यामुळे गरम आणि कोंदट हवा वर जाते. त्या काळात जंतू कोणाला ठाऊक नव्हते, पण घाण हवेने आजार पसरतो असा पक्का समज होता, आणि त्या समजुतीपोटी का होईना, माणसांना मोकळी हवा मिळाली.

हळूहळू भोवती आणखी इमारती उभ्या राहिल्या. १७ व्या शतकात आजारातून उठलेल्यांनी ताकद येईपर्यंत राहावं म्हणून 'कासा दे कोन्वालेसेन्सिया' बांधलं. संत पॉलच्या आयुष्यातले प्रसंग रंगवलेल्या तिथल्या फरशा आजही भिंतींवर आहेत. १८ व्या शतकात शल्यविद्येचं महाविद्यालय आलं. त्याच्या गोल सभागृहात मधोमध संगमरवरी टेबल आहे. त्यावर शवविच्छेदन व्हायचं आणि विद्यार्थी सभोवती चढत्या बाकांवर बसून बघायचे.

मग हे सगळं सोडून जायची वेळ का आली? एक तर गर्दी. १९ व्या शतकात कारखाने आले, कामगारांचे लोंढे आले, आणि मध्ययुगीन दालनं त्यांना पुरेनात. दुसरं म्हणजे विचार बदलला. एका मोठ्या दालनात सगळ्यांना एकत्र ठेवलं की एकाचा ताप दुसऱ्याला जातो, हे युरोपभर लक्षात आलं होतं. वेगवेगळ्या आजारांसाठी सुटे मंडप, मधे बागा, खेळती हवा असं नवं तंत्र रूढ झालं. पैशाचा प्रश्न सोडवला पाउ जिल नावाच्या बँकरने. पॅरिसमध्ये स्थायिक झालेले हे गृहस्थ १८९६ मध्ये वारले आणि मृत्युपत्रात जन्मगावी, म्हणजे बार्सिलोनात, नवं इस्पितळ बांधायला पैसे ठेवून गेले. १९०२ मध्ये पायाभरणी झाली. वास्तुविशारद होते ल्युईस दोमेनेक इ मोंतानेर. जुन्या इस्पितळाचं नाव आणि देणगीदाराच्या नावाचा संत अशी जोडणी होऊन नव्या संस्थेचं नाव पडलं 'सांता क्रेउ इ सांत पाउ'.

नवी इमारत पुरी व्हायला जवळपास तीन दशकं लागली. तोपर्यंत जुनं इस्पितळ चालूच होतं. ७ जून १९२६ रोजी तिथे एका म्हाताऱ्याला आणलं गेलं. ट्रामची धडक बसली होती, अंगावर जुनेपाने कपडे, खिशात ओळख पटेल असं काही नाही. भिकारी असावा असं समजून त्याला गरिबांच्या इस्पितळात टाकलं. नंतर कळलं की ते आंतोनी गौदी आहेत. सग्रादा फामिलिया हे जगप्रसिद्ध चर्च ज्यांनी योजलं आणि ज्याच्या कामात आयुष्य घातलं, तेच हे गौदी. १० जूनला तिथेच ते गेले. ही गोष्ट पर्यटकांना हळहळ वाटावी म्हणून सांगितली जाते. आपण ती वेगळ्या कारणाने सांगतोय. ओळख नसलेल्या माणसाला त्या शहरात नेण्यासारखी एक जागा होती, सव्वापाचशे वर्षं होती, आणि अगदी शेवटच्या दिवसांतही ती आपलं काम करत होती.

त्याच १९२६ साली महापालिकेने जुना परिसर विकत घेतला. १९३० मध्ये सांत पाउचं रीतसर उद्घाटन झालं. १९३१ मध्ये जुन्या वास्तूला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला आणि तिथे कातालोनियाचं ग्रंथालय न्यायचं ठरलं. मधे स्पेनचं यादवी युद्ध आलं. १९३९-४० च्या सुमारास पुस्तकं त्या दालनांत पोहोचली.

आता वास्तूची गंमत बघा. जे रुग्णांसाठी केलं होतं ते वाचकांना जसंच्या तसं उपयोगी पडलं. मधे खांब नाही म्हणून मेजांच्या सरळ रांगा लागल्या. छत उंच, म्हणून प्रकाश आणि हवा. जिथे खाटा होत्या तिथे कपाटं आणि मेजं आली. जाड दगडी भिंतींमुळे बाहेरचा गलका आत येत नाही. आजाऱ्याला हवी असलेली शांतता आणि वाचणाऱ्याला हवी असलेली शांतता तशी एकाच जातीची. भिंती न पाडता, कमानी न झाकता हा बदल झाला, म्हणून आजही त्या दालनात शिरलं की मान आपोआप वर जाते आणि पूर्वी इथे काय होतं ते कोणी न सांगता समजतं.

बाकीच्या भागांनाही असंच काम मिळालं. कोन्वालेसेन्सियामध्ये कातालान भाषेचा आणि विद्यांचा अभ्यास करणारी संस्था बसली. शल्यविद्येच्या महाविद्यालयात वैद्यक अकादमी आली. इस्पितळाचं चर्च झालं समकालीन कलेचं प्रदर्शनगृह. परिसरात वस्तीसाठीचं एक छोटं सार्वजनिक वाचनालयही आहे. आणि मधला चौक? तो रस्ता म्हणून खुला आहे. एका गल्लीतून शिरा, संत्र्याच्या झाडांखालून चाला, दुसऱ्या गल्लीत निघा. तिकीट नाही. तिथे विद्यार्थी बसतात, म्हातारे बसतात, पोरं खेळतात, आणि ज्यांना घर नाही अशी माणसंही दिवस काढायला येऊन बसतात.

आता दुसऱ्या घराकडे जाऊ. सांत पाउचे मंडप रंगीत फरशांनी, शिल्पांनी, घुमटांनी मढवलेले. दोमेनेक यांचं म्हणणं असं की आजाऱ्याच्या नजरेला सुंदर काहीतरी पडलं पाहिजे, तोही उपचाराचाच भाग आहे. मंडप जमिनीखालच्या बोगद्यांनी जोडलेले, म्हणजे रुग्णाला न्यायचं तर ऊन-पाऊस लागायला नको. पण ही कल्पनाही अखेर जुनी झाली. प्रतिजैविकं आली, लिफ्ट आली, शस्त्रक्रियागृह, तपासण्या आणि अतिदक्षता विभाग एकमेकांजवळ असणं गरजेचं ठरलं. सुट्या मंडपांमधली अंतरं अडचणीची होऊ लागली. १९९७ मध्ये युनेस्कोने वास्तूला जागतिक वारसा ठरवलं तेव्हा आत रुग्ण होते. २००९ मध्ये इस्पितळ शेजारच्या नव्या इमारतीत गेलं. दुरुस्तीनंतर २०१४ पासून जुने मंडप लोकांना बघायला खुले झाले. काही मंडपांत आरोग्य, शहरं, शिक्षण अशा विषयांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांची कार्यालयं आहेत.

इथे मात्र आत जायचं तर तिकीट लागतं. दोन घरांतला हा फरक आपण निंदा म्हणून सांगत नाही. एवढ्या नाजूक वास्तूची देखभाल फुकट होत नाही, आणि जो पैसा येतो त्यातून छप्पर टिकतं. पण फरक फरकच आहे. एका घराच्या चौकात वस्तीतला कोणीही येऊन बसतो, दुसऱ्याच्या बागेत बहुतेक करून पाहुणे फोटो काढतात.

हीच वाट थोडी पुढे नेली की आपण फ्रान्समध्ये ल्यों शहरात पोहोचतो. तिथलं इस्पितळ 'ओतेल-द्य', म्हणजे देवाचं अतिथिगृह. मूळ १२ व्या शतकातलं, रोन नदीच्या काठी. लेखक राब्ले १५३२ मध्ये तिथे वैद्य होता. १८ व्या शतकात वास्तुविशारद सुफ्लोने त्याला नदीकडून भव्य दर्शनी बाजू दिली आणि मोठा घुमट दिला. या घुमटाचा मूळ हेतू दूषित हवा वर खेचून घेण्याचा होता. २०१० मध्ये इस्पितळ बंद झालं. २०१८ पासून तिथे दुकानं, उपाहारगृहं, कार्यालयं सुरू झाली आणि २०१९ मध्ये पंचतारांकित हॉटेल. त्या घुमटाखाली आता हॉटेलचा बार आहे. शब्दाचं चक्र पुरं झालं म्हणायचं. देवाचं हॉटेल होतं, आता नुसतं हॉटेल झालं.

यावर ल्योंमध्ये वाद झाला, आणि दोन्ही बाजू ऐकण्यासारख्या आहेत. एक बाजू म्हणते, आठशे वर्षं गरिबांसाठी जमवलेल्या दानातून उभी राहिलेली जागा श्रीमंतांच्या चैनीला का द्यायची? दुसरी बाजू म्हणते, इमारत विकलेली नाही. मालकी शहराच्या सार्वजनिक रुग्णालय-संस्थेकडेच आहे, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली आहे. दुरुस्तीचा अवाढव्य खर्च भाडेकरूने उचलला आणि भाड्याचा पैसा आजच्या रुग्णालयांकडे जातो. मघाशी आपण बार्सिलोनाचं नाट्यगृह पाहिलं. नाटकाच्या तिकिटांवर खाटा चालल्या तर हॉटेलच्या भाड्यावर का चालू नयेत?

आमचं मत विचाराल तर हा युक्तिवाद खोटा नाही, पण अपुरा आहे. सांता क्रेउने नाट्यगृह काढलं ते रुग्णांची दालनं रिकामी करून नाही, शेजारच्या रस्त्यावर वेगळं काढलं. पैसा मिळवायचं दार वेगळं होतं आणि गरिबाचं दार वेगळं. ते दुसरं दार उघडंच राहिलं. म्हणून अशा प्रत्येक रूपांतराला तीन साधे प्रश्न विचारावेत असं आम्हाला वाटतं. मालकी अजून सगळ्यांची आहे का? ज्याच्या खिशात काही नाही तो आत येऊन बसू शकतो का? आणि इथे पूर्वी कोण येत होतं हे वास्तू स्वतः सांगते का, की कोपऱ्यातल्या पाटीवर सोडून दिलंय? ल्यों पहिल्या प्रश्नाला नीट उत्तर देतं. दुसऱ्याला अर्धं, कारण तिथल्या काही चौकांत कोणीही जाऊ शकतं, घुमटाखाली मात्र किंमत मोजावी लागते. जुनं सांता क्रेउ तिन्ही प्रश्नांना बऱ्यापैकी उत्तर देतं.

हे प्रश्न आपल्यापासून दूर नाहीत. इस्पितळ हा शब्द ज्या वाटेने आला त्याच वाटेने ही संस्थाही आली. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतल्यावर तिथे राजाचं इस्पितळ निघालं. पुढे त्याचा कारभार जेझुइट पाद्र्यांकडे आला. १६०८ मध्ये आजारी अवस्थेत तिथे दाखल झालेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल याने त्या इस्पितळाची तोंड भरून स्तुती लिहून ठेवली. पण ते मुख्यतः पोर्तुगीज सैनिकांसाठी होतं, हेही सांगायला हवं. सगळ्यांसाठी दार, हे तत्त्व प्रत्येक ठिकाणी पाळलं गेलं असं समजू नये. ती इमारत आज नाही. पण रायबंदरचं जुनं इस्पितळ उरलं. १९९३ मध्ये सुरू झालेली गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट साखळीला जाण्याआधी अनेक वर्षं त्याच वास्तूत चालली. पणजीत मांडवीकाठी वैद्यकीय महाविद्यालयाची जुनी इमारत आहे. ती चर्चची नव्हे, सरकारी. महाविद्यालय बांबोळीला गेलं आणि २००४ पासून तिथे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची वर्दळ असते. या वास्तूंनाही आपण आपले तीन प्रश्न विचारू शकतो. उत्तरं तुम्हीच तिथे जाऊन, चौकात उभं राहून शोधा.

शेवटी पुन्हा एकदा रावालमध्ये जाऊ आणि थांबू. जुन्या सांता क्रेउपासून पायी काही मिनिटांवर एका धर्मादाय संस्थेचं जुनं चर्च आहे, 'मिसेरिकोर्दिया' नावाचं. मिसेरिकोर्दिया म्हणजे करुणा. २०१८ च्या सुमारास या रिकाम्या जागेवरून वाद पेटला. शेजारच्या समकालीन कला संग्रहालयाला विस्तारासाठी ती हवी होती. वस्तीतले लोक आणि डॉक्टर म्हणत होते की आमच्या आरोग्य केंद्रात पाय ठेवायला जागा नाही, ती आम्हाला द्या. म्हणजे ज्या रावालने आपलं इस्पितळ ग्रंथालयाला आणि कलेला दिलं होतं, तोच रावाल आता म्हणत होता की आधी दवाखाना, मग चित्रं. निदर्शनं झाली, बैठका झाल्या, आणि २०१९ मध्ये ती जागा आरोग्य केंद्राला देण्याचं ठरलं. संग्रहालयाने विस्तारासाठी दुसरी जागा बघायची.

जुन्या वास्तूचं नवं काम ठरवताना आपण बहुतेक वेळा दगडांची काळजी करतो. कमान वाचली, घुमट वाचला, झालं. ही काळजी हवीच. पण रावालच्या लोकांनी विचारलं ते वेगळंच. या वस्तीला आज कशाची गरज आहे? १४०१ मध्ये सहा इस्पितळं एकत्र करणाऱ्यांनीही हाच प्रश्न विचारला होता. आपल्या गावात एखादी जुनी वास्तू रिकामी पडली असेल, तर नकाशा काढण्याआधी तिच्या दारात थोडा वेळ उभे राहा आणि बघा, आत यायला कोण थांबलंय.